टाळू दुभंगलेलं बाळ आणि 'मिथायलेशन': यात वहिनीचा दोष आहे का?

जांबोटीची आत्या

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, मराठी शाळेत शिक्षिका आहे. माझ्या धाकट्या भावाला डिसेंबरात मुलगा झाला. ओठ, नाक सगळं व्यवस्थित, पण तोंडाच्या आतली टाळू मागच्या बाजूला दुभंगलेली आहे. जन्मल्यावर हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. बाळ दूध ओढायला लागलं की दमायचं, दूध नाकातून यायचं, आणि घरातले म्हणायचे, हिला बाळ नीट धरता येत नाही. शेवटी लसीला नेलं तेव्हा नर्सबाईंनी बॅटरी मारून तोंडात बघितलं आणि सांगितलं.

तेव्हापासून घरात दोन गोष्टी चालू आहेत. आई म्हणते, भाद्रपद पौर्णिमेला ग्रहण होतं, वेध लागल्यावर ही विळीवर भाजी चिरत बसली. काकू म्हणते, निपाणीची पोरगी, माहेरी विड्या वळायची, तंबाखूत हात घालून मोठी झाली, मग दुसरं काय होणार. वहिनी दोघींचं ऐकून घेते, उलट बोलत नाही.

बेळगावात एका ठिकाणी दाखवलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी समजावलं की आईचा आहार, तंबाखू यांचा बाळाच्या जनुकांवर परिणाम होतो, त्याला डीएनए मिथायलेशन म्हणतात. त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं असेल, पण घरी पोचेपर्यंत त्याचं 'आईमुळं झालं, डॉक्टरच म्हणाले' असं झालं. वर एका खासगी लॅबचा माणूस भावाला भेटला. बाळाच्या रक्तावरून मिथायलेशन तपासू, कारण कळेल, पुढच्या बाळाचंही आधीच सांगू, म्हणतो. पैसे भरपूर सांगतोय. भाऊ बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात लेथवर आहे, तो कर्ज काढायच्या विचारात आहे.

मी मराठी आणि भूगोल शिकवते, हे माझ्या आवाक्यातलं नाही. हे मिथायलेशन नेमकं काय असतं? टाळूशी त्याचा संबंध खरंच आहे का? आणि ती तपासणी करावी का? कृपया जाणकारांनी सांगावं.

आशाताई, चिकोडी

ताई, मी आशाचं काम करते, माझा भाग निपाणीकडचा. मिथायलेशनचं मला सांगता यायचं नाही, पण दोन कामं लगेच करा. तायी कार्ड (गरोदरपणाच्या नोंदीचं) आणि बाळाचे कागद घेऊन पीएचसीत आरबीएसके, म्हणजे मुलांच्या आरोग्य तपासणीची सरकारी योजना, तिच्या डॉक्टरांना भेटा. फाटलेला ओठ-टाळू त्यांच्या यादीत आहे, पुढचं रेफर तेच करून देतात आणि उपचार मोफत होतात. दुसरं म्हणजे दूध. बाळाची पाठ सरळ ठेवा, आईचं दूध पिळून काढून बोंडल्यानं नाहीतर चमच्यानं गालाच्या बाजूनं थोडं थोडं सोडा, मधे मधे ढेकर काढा. दर आठवड्याला वजन करा, वजन अडलं तर थांबू नका.

आणि विड्यांचं म्हणाल तर आमच्या गल्लीत घरटी एक बाई विड्या वळते. सगळ्यांची लेकरं अशी झालीत का? वहिनीला बोलालेत त्यांना हे विचारा की.

शहापूरकर

ताई, मी बेळगावात शहापूरला वाढले. आता पुण्यात एका प्रयोगशाळेत आहे आणि डीएनएवरचं मिथायलेशन मोजणं हेच माझं रोजचं काम आहे. मी डॉक्टर नाही. पण ज्या शब्दानं तुमच्या वहिनीवर ठपका आलाय तो शब्द माझ्या कामातला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हे: भावाला कर्ज काढू देऊ नका. त्या तपासणीतून त्याला हवं ते कळणार नाही. का, ते पुढे येईल.

मग ग्रहणाचं. तारखाच बघा. ते खग्रास चंद्रग्रहण ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री होतं. बाळ डिसेंबरात पूर्ण दिवसांचं झालं असेल तर वहिनीला तेव्हा सहावा-सातवा महिना होता. आणि टाळू तिसरा महिना संपायच्या सुमाराला जुळून झालेली असते. जी गोष्ट आधीच घडून गेली तिला नंतरची विळी काय करणार? आईंना कॅलेंडर समोर धरून हे दाखवा.

टाळू जुळते कशी, ते कळलं तर पुढचं सोपं जाईल. गर्भ राहिल्यापासून सहाव्या आठवड्याच्या सुमाराला वरच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंनी दोन फळ्या वाढायला लागतात. त्या आधी आडव्या नसतात, जिभेच्या दोन्ही अंगांना खाली लोंबतात, मधे जीभ. आठव्या आठवड्याच्या आसपास खालचा जबडा पुढं सरकतो, जीभ खाली बसते, जागा होते, आणि त्या फळ्या वर उचलल्या जाऊन एकमेकींना टेकतात. टेकून भागत नाही. दोन्ही कडांवर पेशींचा पातळ थर असतो, तो मधून नाहीसा व्हावा लागतो, तेव्हा आतलं मांस एकजीव होतं. यातली प्रत्येक पायरी जनुकांच्या हुकमावर चालते. टीजीएफ-बीटा-३ नावाचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांत फळ्या उचलल्या जातात, पण जुळत नाहीत. टाळू उघडीच राहते. हे १९९५ पासून माहीत आहे. म्हणजे जनुक असून चालत नाही, ते नेमक्या दिवसांत, नेमक्या पेशींत चालू असावं लागतं.

मिथायलेशन येतं ते इथं. तुम्ही गावाकडच्या आहात, उसाला दारं धरताना बघितलं असेल. पाट सगळीकडं गेलेला असतो, पण ज्या सरीच्या तोंडाला मातीचा ढेकूळ लावला तिच्यात पाणी जात नाही. डीएनए म्हणजे तो पाट, शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत एकच. मिथिल हा कार्बन-हायड्रोजनचा इवलासा गट म्हणजे तो ढेकूळ. तो डीएनएतल्या सायटोसिन या रासायनिक अक्षरावर बसतो, यालाच मिथायलेशन म्हणतात. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात तो दाटीनं बसला की ते जनुक सहसा गप्प होतं. अक्षर बदलत नाही, वाचलं जाणं बदलतं. माणसाच्या डीएनएत अशा जागा साधारण २ कोटी ८० लाख आहेत. कुठं बसवायचं ते काम काही एन्झाइम करतात आणि त्यासाठीचा मिथिल गट शरीर फोलेट, बी-१२, कोलीन, मेथिओनिन या अन्नघटकांच्या साखळीतून तयार करतं. आहाराचा संबंध जोडतात तो या वाटेनं. डॉक्टर बोलले ते खोटं नव्हतं, अर्धं होतं.

टाळूशी संबंध आहे का? आहे, आणि पुरावा चांगला आहे. ए/डब्ल्यूवायएसएन नावाची उंदरांची एक जात आहे. त्यांच्यात डब्ल्यूएनटी-९बी या जनुकाजवळ डीएनएचा एक उपरा तुकडा घुसून बसलाय. सगळ्यांत तोच तुकडा, तरी काही पिल्लांचाच ओठ दुभंगतो. ज्यांच्यात त्या तुकड्यावर मिथायलेशन कमी, त्यांच्यात दुभंग जास्त. माणसांत ब्राझीलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सीडीएच-१ जनुकातला दोष असलेली कुटुंबं तपासली. दोष तोच, पण कुणाला दुभंग होता, कुणाला नव्हता. ज्यांना होता त्यांच्यात या जनुकाच्या सुरुवातीला मिथायलेशन जास्त सापडलं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये १५० मुलांच्या रक्ताचा आणि शस्त्रक्रियेत निघालेल्या ऊतींचा अभ्यास झाला: फक्त ओठ, फक्त टाळू आणि दोन्ही दुभंगलेली, या तीन गटांत मिथायलेशनचे नमुने वेगवेगळे निघाले. म्हणून मी स्वतः 'फक्त टाळू' हा प्रकार इतरांत मिसळून कधी बघत नाही. तुमच्या बाळाचं प्रकरण तेच आहे.

आता ती तपासणी. रक्त आलं की मी त्यातून डीएनए काढते, त्यावर बायसल्फाइटची प्रक्रिया करते. मिथिल नसलेलं सायटोसिन त्यात बदलून जातं, मिथिल असलेलं टिकतं, आणि त्या फरकावरून आकडे येतात. हे आकडे खरे असतात. पण ते आजच्या रक्तातल्या पेशींचे असतात. फळ्या जुळायच्या होत्या त्या आठवड्यात त्या कडेच्या पेशींत काय चाललं होतं, ते या रक्तात लिहून ठेवलेलं नसतं. बाळाला सर्दी झाली, पांढऱ्या पेशींचं प्रमाण बदललं तरी आकडे हलतात. शेकडो मुलांची सरासरी काढून दोन गटांतला फरक दिसतो. एका मुलाचा अहवाल हातात घेऊन 'हे कारण' असं म्हणता येत नाही. पुढच्या बाळाबद्दल तर त्यातून काहीच सांगता येत नाही. गरीब माणसाच्या काळजीवर असा धंदा करणाऱ्यांचा मला फार संताप येतो.

आईच्या दोषाबद्दल एकच गोष्ट घरात सांगा. एकसारख्या जुळ्यांत एकाला दुभंग असेल तर दुसऱ्याला तो साधारण निम्म्याच वेळा असतो, फक्त टाळूच्या प्रकारात त्याहूनही कमी. डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या नोंदींतून हे पुढं आलंय. आई तीच, डीएनए तोच, तिनं खाल्लेला घास तोच. तरी एकाची टाळू जुळते, एकाची नाही. पेशींच्या पातळीवर योगायोगाचा वाटा इतका मोठा आहे.

तंबाखू मात्र मी झटकून टाकणार नाही. गरोदरपणी सिगारेट ओढणाऱ्या बायकांत दुभंगाचं प्रमाण साधारण तीस टक्क्यांनी वाढतं. ऐकायला मोठं वाटतं, म्हणून उलगडून सांगते: ओठ आणि टाळू मिळून दुभंग साधारण ७०० जन्मांत एकाला असतो, म्हणजे ७,००० बाळांत १० च्या जागी १३. स्वीडनमध्ये तोंडात धरायच्या तंबाखूबद्दलही असंच दिसलं, पण ज्यांनी गरोदरपणाच्या नोंदणीआधी सोडली त्यांच्या बाळांत वाढ दिसली नाही. विड्या वळताना जर्द्यातलं निकोटीन कातडीतून आणि श्वासातून अंगात जातं, हेही खरं. म्हणून पुढच्या वेळी तंबाखूपासून लांब राहणं चांगलंच. पण दर हजार विड्यांमागं मजुरी घेऊन विड्या वळणारी मुलगी ते काम हौसेनं करत नव्हती. तिला दोष देताना काकूंनी एवढं तरी आठवावं. वहिनी मिश्री लावते का, ते कळवा.

आहाराचंही तसंच. नॉर्वेतल्या २००७ च्या अभ्यासात रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घेणाऱ्यांत ओठाचा दुभंग सुमारे एक तृतीयांशानं कमी दिसला. नुसत्या टाळूच्या दुभंगात फरक दिसला नाही. ब्राझीलमध्ये दहापट डोस देऊन बघितला, जास्त फायदा झाला नाही. तरी गोळी घ्यावीच, कारण मज्जारज्जूचे बरेचसे दोष तिनं टळतात. पण वेळ बघा: लोहाची लाल गोळी सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून सुरू होते. तोवर टाळूचं काम आटोपलेलं असतं. फोलिक ॲसिड गर्भ राहायच्या आधीच सुरू हवं. आणि बी-१२ विसरू नका. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं गरोदर बायकांचं रक्त तपासलं तेव्हा दोन तृतीयांश बायकांत बी-१२ कमी होतं, फोलेट मात्र जवळपास सगळ्यांचं पुरेसं होतं. शाकाहारी घरात नुसती मेथी, शेपू वाढवून बी-१२ येत नाही; दूध, दही, ताक हवं किंवा गोळी हवी.

पैसे खर्च न करता होणारी तपासणी सांगते. आई, वडील, आजी-आजोबा यांचे ओठ, पडजीभ, हनुवटी, डोळे बघा. बाळाची हनुवटी बाजूनं बघा. नुसत्या टाळूच्या दुभंगात इतर दोष किंवा सिंड्रोम (एकत्र येणाऱ्या दोषांचा गट) सोबत असण्याची शक्यता ओठापेक्षा जास्त असते. हृदयाची सोनोग्राफी झालीय का, तेही विचारा.

संकेश्वरचा बाप

शहापूरकरताईंनी ओठ बघायला सांगितलं म्हणून लिहितोय. माझ्या खालच्या ओठावर मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक खड्डे आहेत, जन्मापासून. कधी कधी तिथं ओलसर असतं. दाढी करताना न्हावी विचारायचा, लहानपणी लागलं होतं काय. मी कधी लक्ष दिलं नाही. मुलगी ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगून जन्मली तेव्हा बायकोला सगळ्यांनी फार बोलून घेतलं. धारवाडला एसडीएमच्या दंत महाविद्यालयातल्या क्रॅनिओफेशियल (चेहरा-कवटीच्या) विभागात गेलो तर डॉक्टरांनी मुलीला बघायच्या आधी माझ्याकडंच बघितलं. व्हॅन डर वूड सिंड्रोम. आयआरएफ-६ जनुकात दोष, माझ्याकडून आलेला. पुढच्या प्रत्येक मुलाला पन्नास टक्के. बहिणीला तोंड उघडायला लावलं तर पडजिभेला दोन शेंडे.

मुलगी आता शाळेत जाते, स्पीच थेरपी चालू आहे. बायकोला घरात बोलणारे त्या दिवशी गप्प झाले, पण त्याआधीचं ती विसरलेली नाही. आत्याबाई, तुम्ही वहिनीच्या बाजूनं उभ्या राहिलात हे फार चांगलं केलंत.

शहापूरकर

दादा, लिहिलंत त्याबद्दल आभार. एकाच जनुकातला एकच दोष, तुम्हाला नुसते खड्डे, बहिणीला पडजीभ, मुलीला पूर्ण दुभंग. हा फरक का पडतो, याच प्रश्नात मिथायलेशनचा शोध चाललाय. हे जनुक २००२ मध्ये सापडलं तेही एका एकसारख्या जुळ्यांच्या जोडीमुळं, ज्यांत एकालाच सिंड्रोम होता. त्या जोडीत मात्र मिथायलेशन नाही, जनुकातलं अक्षरच एकात बदललेलं निघालं. म्हणून मी कुठल्याही घराला आधी अक्षरं तपासा म्हणते, त्यांवरच्या मिथिलच्या खुणा नंतर.

जांबोटीची आत्या

सगळ्यांचे आभार. काल सगळ्यांना उजेडात बसवून बघितलं. ओठावर खड्डे कुणाला नाहीत, पडजिभाही ठीक. वहिनी मिश्री लावते. आईही लावते, दोघी एकाच डबीतून. आईला तारखांचं सांगितलं, ती बराच वेळ कॅलेंडरकडं बघत होती आणि नंतर वहिनीच्या हातातलं बाळ स्वतःकडं घेतलं.

पण दुसरंच लक्षात आलं. बाळाची हनुवटी बाजूनं बघितली तर बरीच आत आहे. उताणं झोपवलं की घोरतं, कधी श्वास अडकल्यासारखा होतो, कुशीवर केलं की बरं. आम्हाला वाटायचं सर्दी आहे. टाळूचं भोक रुंद, गोलसर आहे, इंग्रजी यू सारखं. आणि वहिनीला अगदी लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा. तिच्या वडिलांना पण, त्यांच्या डोळ्याचा पडदा सुटून मिरजेला ऑपरेशन झालं होतं. हे सांगण्यासारखं आहे का?

शहापूरकर

ताई, आहे, आणि थांबू नका. आज रात्री बाळाला उताणं झोपवू नका. एका कुशीवर ठेवा, कुणीतरी जागं राहा. छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसले, दूध पिताना श्वास थांबला तर उजाडायची वाट न बघता बेळगाव गाठा. नाहीतर सकाळी पहिल्या गाडीनं. केस पेपर काढतानाच सांगा, 'उताणं झोपल्यावर श्वास अडतो'.

निदान डॉक्टर करतील. पण लहान हनुवटी, मागं पडणारी जीभ आणि यू आकाराचा दुभंग हे तीन एकत्र असले की त्याला पिअर रॉबिन म्हणतात. वर फळ्यांबद्दल लिहिलं ते परत वाचा. खालचा जबडा वेळेत पुढं आला नाही तर जीभ खाली बसत नाही, मधेच राहते, आणि फळ्या जुळायला तयार असल्या तरी त्यांना वाट मिळत नाही. अशा बाळात टाळूच्या पेशींतल्या मिथायलेशनचा संबंध असेलच असं नाही. अडथळा जिभेचा असतो.

आणि जाड चष्मा, सुटलेला पडदा हे जरूर सांगा. स्टिकलर सिंड्रोम नावाचा एक प्रकार आहे, बहुतेक वेळा कोलॅजनच्या सीओएल-२ए-१ या जनुकातला दोष. त्यात ही हनुवटी, ही टाळू, लहानपणापासूनचा मोठा नंबर आणि पडदा सुटणं एकाच घरात दिसतं. हे तपासायला जनुकाची साधी अक्षरं वाचतात, त्याचं उत्तर हो किंवा नाही असं येऊ शकतं, आणि पुढच्या बाळाबद्दल खरंच काही सांगता येतं. पैसे घालायचेच तर तिथं, तेही जनुकतज्ज्ञांनी लिहून दिल्यावर. वहिनीच्या घरातून आलं असं निघालं तर काकूंना परत तोंड फुटेल. तेव्हा त्यांना सांगा, की हे कळल्यामुळंच बाळाचे आणि वहिनीचे डोळे वेळेत तपासले जातील. पडद्याला कुठं फट पडलेली वेळेत दिसली तर लेझरनं बांधता येते, आजोबांसारखी वेळ येऊ नये एवढं तरी होईल.

टाळूची शस्त्रक्रिया सहसा ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान करतात. हनुवटीमुळं भूल देणाऱ्या डॉक्टरांना श्वासनलिकेचं आधी माहीत असावं लागतं, म्हणून आजपासूनचे सगळे कागद एका फाइलीत ठेवा. कानाच्या पडद्यामागं पाणी साठतं का, ऐकू येतं का, हेही याच फेरीत तपासून घ्या. आणि मिश्रीची डबी दोघींनी मिळून बंद करा, पुढच्या बाळाच्या आधी.

जांबोटीची आत्या

निघतोय सकाळी. लॅबवाल्याला भावानं नको म्हणून कळवलं. वहिनीच्या वडिलांना फोन केलाय, ते निपाणीहून जुने कागद घेऊन थेट बेळगावला येतायत.